वीतभर राहिलेला चेंडू

इन्व्हरलाय,
रविवार, १ जुलै

ती. एफीताईस,
वॉटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज उत्तराला बसलोय, याबद्दल काय बोलायचं ते एकदाच बोलून घे. बावीस वर्षांनी गोल्फची ओपन स्पर्धा आपल्या मैदानावर येतेय आणि सगळं गाव अंगात आल्यासारखं झालंय. माझ्या दुकानातला हिरवा रंग गेल्या मंगळवारीच संपला. पर्डी मास्तरांनी आपली झोपायची खोली दोन जपानी छायाचित्रकारांना देऊन टाकली आहे आणि स्वतः शिवणाच्या खोलीत आरामखुर्चीवर झोपतात. आमच्या नेटाने पडदे तीनदा धुतले. कोण बघायला येणार आहे ते तिलाच ठाऊक.

आता खरी बातमी. गुरुवारी क्लबचे सेक्रेटरी दुकानात आले. मला वाटलं, बिजागऱ्या हव्या असतील. तर म्हणाले की कमिटीने मार्कर म्हणून माझं नाव पक्कं केलंय. मॅग्नसदाजींना मेंढ्यांखेरीज काही कळत नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवताना एवढं समजावून सांग: पहिल्या दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू घरी जातात. उरलेले शनिवारी जोडीजोडीने खेळतात. आकडा विषम निघाला तर सकाळी पहिल्या निघणाऱ्याला जोडीदारच नसतो. मग त्याच्याबरोबर इथल्या क्लबातला एक माणूस खेळतो आणि त्याचे फटके कार्डावर लिहितो. तो माणूस मी. आकडा सम निघाला तर मी घरी चहा पीत बसणार.

डॉडीने मटणाचं दुकान बंद करून मला मिठी मारली, एप्रनसकट. माझ्या शर्टाला अजून मटणाचा वास येतोय. तो स्वतः चौदाव्या होलवर ‘शांतता’ लिहिलेली पाटी धरून उभा राहणार आहे. डॉडी आणि शांतता, म्हणजे बघ.

आता जे लिहितोय ते तुझ्यापाशीच ठेव. नेटाला अर्धवट माहीत आहे, बाकी कुणाला नाही. नववर्षापासून माझे हात गेलेत. लांबचा फटका अजून सरळ जातो. पण चेंडू होलपासून दोन फुटांवर आला, आता फक्त अलगद ढकलायचा, की उजवा हात आपोआप उडतो. गळाला लागलेल्या माशासारखा. म्हणून यंदा क्लबच्या एकाही मेडल स्पर्धेला उतरलो नाही. कंबर धरलीय असं सांगतो. डॉडी, मास्तर आणि माझ्या बुधवारच्या खेळात मात्र हे झाकलं जातं, कारण तुला माहीतच आहे, चेंडू पटरच्या, म्हणजे अलगद ढकलायच्या काठीच्या, मुठीएवढ्या अंतरात आला की आम्ही एकमेकांना सोडतो. उचल रे, दिला, म्हणायचं आणि पुढे चालायचं. आपापसांतल्या सामन्यात ते चालतं. ओपनमध्ये कुणी कुणाला काही देत नाही.

तुला गेडीस बेकरीवाला आठवतो? त्याचे हात असेच गेले. आधी त्याला मेडलला बोलावणं बंद झालं, मग बुधवारी, मग शनिवारी. कुणी भांडलं नाही, टाकून बोललं नाही. नुसतं विचारायचं थांबलं. शेवटची दोन वर्षं तो क्लबाच्या खिडकीत वर्तमानपत्र धरून बसायचा आणि पान उलटायचा नाही. ताई, डॉडी आणि मास्तरांना कळलं तर ते मला तोंडावर काही म्हणायचे नाहीत. पण बुधवार गेला तर मला दुसरं काय आहे? दुकान आणि कंबर.

दाजींना नमस्कार. तुझी माया नेहमीच भरपूर असते, हे तीन आठवडे जरा हात सैल सोड.
तुझा,
वॉटी


कर्कवॉल,
गुरुवार, ५ जुलै

चि. वॉटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंदाने, दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून. आपले बाबा असते तर त्यांनी तुझं नाव ऐकून गावभर टोपी उडवली असती आणि मग घरी येऊन तुला अंगणात उभं करून पटरचे शंभर फटके, शंभर पट, मारायला लावले असते.

तुझ्या दाजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बराच विचार केला आणि विचारलं की समोरच्याने नुसतं दिला म्हटलं की न मारलेला फटका मारल्यासारखा धरतात, हे खरं का. मी हो म्हटलं. तर म्हणाले की लोकर कातरायच्या शर्यतीत शेवटची मेंढी अशी कुणी देत नाही. 

खरं सांगू? तुमच्या त्या उदारपणानेच तुझे हात बिघडलेत. आमच्या बायकांच्या क्लबात कुणी कुणाला केसभरही सोडत नाही. चौसष्टाव्या वर्षी मी चार फुटांवरून डोळे मिटून चेंडू घालते. पण इन्व्हरलायच्या क्लबाला मी कधी दिसले नाही, कारण मैदानावर चालणारा स्कर्ट तिथल्या दारातून आत जात नाही. जाऊ दे, हा राग जुना आहे आणि आज तुझा दिवस आहे.

आता ऐक. डावा हात खाली घे, उजवा वर. चेंडूकडे बघू नकोस, होलच्या मागच्या कडेकडे बघ. रोज सकाळी गालिच्यावर पन्नास. आणि सर्वांत महत्त्वाचं: डॉडी आणि मास्तरांना सांगून टाक. ते काय तुला खाणार आहेत? डॉडीला मी शाळेत असल्यापासून ओळखते. त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि पोटही लहान नाही. गेडीसची गोष्ट वेगळी होती. त्याला मित्र नव्हते, गिऱ्हाइकं होती.

नेटाला म्हणावं, पडदे पुरे झाले.
जेवत जा, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.
तुझी,
एफीताई


इन्व्हरलाय,
बुधवार, ११ जुलै

प्रिय वन्सं,
नेटाचा नमस्कार.

हे पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय आणि तुमच्या भावाला यातलं काही कळता कामा नये. तुमचा सल्ला आल्यापासून माझं घर माझं राहिलेलं नाही. स्वयंपाकघरात दाराशी एक मग आडवा ठेवलाय आणि सकाळी सहापासून टक्, टक्, टक् चाललेलं असतं. मगात चेंडू गेल्याचा आवाज वेगळा असतो, वन्सं. तो मी आतापर्यंत सात वेळा ऐकला. बाकीचे चेंडू कपाटाखाली जातात आणि मग हे पोटावर आडवे होऊन पटरने काढत बसतात.

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. एवढासा चेंडू, एवढंसं भोक, त्यापायी धडधाकट माणसाने घास सोडावा? रविवारी भाजलेलं मटण केलं, आवडीचं. ताटात इकडचं तिकडे केलं आणि उठले. शर्टाची बटणं नीट लागतात, चहाचा कप हलत नाही, दुकानात बारीकातला बारीक स्क्रू बसवतात. मी लक्ष ठेवून आहे. डॉक्टरांनाही विचारलं. ते स्वतः गोल्फ खेळतात. त्यांनी चेहरा असा पाडला की जणू मी कुणाच्या मरणाची बातमी दिली, आणि म्हणाले की याला औषध नाही, पण याने कुणी दगावत नाही.

डॉडी रोज संध्याकाळी सॉसेजची पुडी घेऊन येतो आणि अंगणात उभं राहून आकड्यांचे अंदाज बांधतो. मास्तर येतात आणि डॉडीची बेरीज चुकली म्हणून सांगतात. हे दोघांसमोर हसतात, आणि ते गेले की पायरीवर बसून राहतात. काल म्हणाले की आकडा सम निघू दे रे देवा. मग लगेच म्हणाले की नको, विषमच निघू दे. देवाने तरी काय करायचं?

तुमचं ते ऐकतात. कंबरेचं निमित्त सांगून नाव मागे घ्या म्हणून एक ओळ लिहाल का? मला माझा जेवणारा नवरा परत हवाय. गावात मान मिळाला नाही तरी चालेल.

तुमच्या प्रेमाच्या भरवशावर एवढं लिहिलं.
तुमची,
नेटा


कर्कवॉल,
सोमवार, १६ जुलै

चि. वॉटीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या पत्रात मी जरा जास्तच मास्तरीण झाले. डावा हात, उजवा हात, गालिचा, सगळं विसर. पटर कपाटात ठेवून दे.

तुला जायचं नसेल तर जाऊ नकोस. कंबर दुखतेय म्हणालास तर तिच्या आत जाऊन कुणी बघणार नाही. मी तुला भित्रा म्हणणार नाही, ही माझी शपथ, आणि तुला माहीत आहे की मला ते म्हणायला किती आवडलं असतं. पण जायचं असेल तर पोटभर नाश्ता करून जा. उपाशीपोटी माणसाचा पायसुद्धा सरळ पडत नाही.

काय ठरवशील ते तुझं. टीव्हीवर इथे नुसती पांढऱ्या मुंग्यांची रांग दिसते, तेव्हा मी रेडिओला चिकटून असेन.

आशीर्वाद पाठीशी आहेत, मागे वळून बघायची गरज नाही.
तुझी,
एफीताई


इन्व्हरलाय,
शुक्रवार, २० जुलै, संध्याकाळ

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

विषम.

त्र्याहत्तर जण राहिले. उद्या सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी पहिल्या फटक्याच्या जागी, टीवर, उभा असेन. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहितोय, कारण लिहीत असलो की हात नीट चालतो.

दुपारभर आम्ही तिघं फलकाखाली उभे होतो. मास्तर वहीवर रेघा मारत होते, पेपर तपासल्यासारख्या. पाच वाजता त्यांनी जाहीर केलं की त्र्याहत्तर नक्की, आणि अठराव्यावर फक्त एक ऑस्ट्रेलियन उरलाय. एकेकाळचा मोठा खेळाडू, आता पन्नाशीचा. त्याने शेवटचा पट घातला तर चौऱ्याहत्तर, म्हणजे मी घरी. चुकला तर तो घरी आणि मी मैदानात. तीन फूट, एफीताई. सरळ, सपाट.

डॉडीने माझा दंड इतका आवळला की अजून वळ आहे. त्याला वाटलं, मी त्या माणसाच्या चुकीची वाट बघतोय. मी तर मनात म्हणत होतो की जा बाबा, जा आत. त्याने पटर मागे नेला आणि मी पाहिलं. त्याचा उजवा हात उडाला. अगदी माझ्यासारखा. चेंडू होलच्या कडेला घासून पलीकडे गेला. डॉडी ओरडला आणि मग लाजून गप्प झाला. तो माणूस टोपी काढून सगळ्यांना वाकला आणि हसत बाहेर गेला. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही हे होतं, हे बघून मला धीर यायला हवा होता. उलट मी आपले हात खिशात लपवले.

माझा जोडीदार म्हणजे फिन्टन नावाचा आयरिश पोरगा, चोवीस वर्षांचा, गॉलवेकडचा. अगदी काठावर राहिलाय. त्याची बॅग त्याचा मामा उचलतो. संध्याकाळी ओळख करून दिली. मला वाटलं होतं, तो म्हणेल की हा कोण म्हातारा. तर तो मलाच म्हणाला की मी पहिल्यांदाच ओपन खेळतोय आणि दोन दिवस काही खाल्लं की उलटून पडतंय. 

डॉडी आणि मास्तरांना सांगायचं राहून गेलं. आज सांगणारच होतो, पण डॉडी इतका खूष होता की जीभ उचलेना.

नेटाने मटण पुन्हा केलंय. निम्मं खाल्लं, तुझ्यासाठी.
उद्याचा दिवस गेला की जो वॉटी उरेल त्याच्यावर असाच लोभ ठेव.
तुझा,
वॉटी


कर्कवॉल,
शनिवार, २१ जुलै, दुपार

चि. वॉटीस,
आशीर्वाद.

अरे, केलंस काय?

अकराच्या बातम्यांत तो रेडिओवाला हसत हसत सांगत होता की सकाळच्या पहिल्या जोडीत पंधराव्या होलवर खेळाडूने काठी उगारलेली असताना मार्कर मोठ्याने ओरडला, आणि मग दोघं उलटे चौदाव्याकडे चालत गेले, आणि नियम बघायला दहा मिनिटं खेळ थांबला. एवढं सांगून तो घोड्यांच्या शर्यतीकडे वळला. मी रेडिओला बुक्की मारली. नाव घेतलं नाही, पण सकाळच्या पहिल्या जोडीत मार्कर दुसरा कोण होता?

तू आणि ओरडलास? कुणी फटका मारत असताना? आपल्या घरात कुणी त्या वेळी शिंकलं तरी बाबा जेवण बंद करायचे. तुला काही झालं का? चक्कर आली? तो पोरगा बाद झाला का?

फोन सकाळपासून चारदा लावला. तुमच्याकडे कुणीतरी सारखं बोलतंय. तुझे दाजी म्हणतात की बोलतंय म्हणजे जिवंत आहेत. या माणसाला काळजी म्हणजे काय ते मेंढी आजारी पडल्याशिवाय कळत नाही.

हे पत्र पोचायच्या आधी तुझं निघालेलं असू दे.
जीव टांगणीला लागलेली,
एफीताई


इन्व्हरलाय,
रविवार, २२ जुलै

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. फिन्टन बाद झालेला नाही. आता बैस आणि वाच.

तेरा होलपर्यंत सगळं सुरळीत. पहिल्या टीवर मार्करचं नाव पुकारत नाहीत, तेही बरंच झालं. माझे फटके कुणी लिहीत नव्हतं, म्हणून ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, चेंडू जवळ आला की मी मुकाट्याने उचलायचो. पोराला वाटलं, मी त्याचा वेळ वाचवतोय. बघायला मोजून तीस माणसं आणि एक कुत्रा. फिन्टन सुरुवातीला ओठ पांढरे करून खेळत होता. मग पाचव्याच्या सुमाराला त्याने विचारलं की तुम्ही काय करता. मी सांगितलं, बिजागऱ्या विकतो. त्याच्या बापाची मासेमारीची होडी आहे आणि तिच्या केबिनचं दार दर हिवाळ्यात निखळतं. झालं. तिथून आम्ही स्क्रूंवर घसरलो आणि पोराचा खेळ खुलला. दहाव्यावर, बाराव्यावर त्याने असे चेंडू घातले की मी टाळ्या आवरल्या.

चौदावा. फिन्टनचा लांबचा पट होलपासून वीतभर अलीकडे थांबला. मी तेव्हा त्याला सांगत होतो की खाऱ्या वाऱ्यात लोखंडी स्क्रू काय कामाचा, पितळी घे, पण आधी भोक पाडून साबण लाव, नाहीतर माथं तुटतं. आणि हे सांगता सांगता, एफीताई, मी पुढे झालो, पटरने त्याचा चेंडू त्याच्या पायाशी ढकलला आणि म्हणालो की उचल रे, दिला.

ओपनमध्ये.

त्याने उचलला. खिशात टाकला आणि विचारलं की साबण कुठलाही चालतो का. आम्ही साबणावर बोलत पंधराव्याकडे चालू लागलो. त्याचा मामा चेंडू कुठे पडतो ते बघायला टेकाडापलीकडे पुढे गेलेला. नियमवाले साहेब त्या कुत्र्याला दोरीबाहेर घालवण्यात गुंतलेले. आणि डॉडी तिथेच, दहा पावलांवर पाटी धरून उभा. त्याने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

पंधराव्यावर फिन्टन टीवर उभा राहिला. मी कार्ड काढलं आणि चौदाव्याचा आकडा लिहायला मोजू लागलो. एक टीवरून, दुसरा ग्रीनवर, तिसरा पट, आणि चौथा... पेन्सिल तिथेच राहिली. चौथा मारलाच कुठे? आणि होल पुरा न करता जो पुढच्या टीवरून मारतो तो बाद. वर बघतो तर त्याची काठी खांद्याच्या वर गेलेली.

पन्नास वर्षांत कुणी फटका मारताना मी खाकरलोसुद्धा नाही. पण मी ओरडलो. कुत्रा रस्त्यावर धावला की ओरडतो तसा. थांब! काठी खाली आलेली, ती त्याने कशी वळवली देवाला ठाऊक, चेंडूवरून वाऱ्यासारखी गेली आणि तो गुडघ्यावर पडला. चेंडू टीवर तसाच.

नियमवाले साहेब धावत आले. मी सांगितलं की चूक सगळी माझी आहे, पोराचा काही दोष नाही. त्यांनी पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पुन्हा पुस्तक. मागची जोडी हाताची घडी घालून उभी.  शेवटी ठरलं की चेंडू खेळाडूने नाही, मार्करने हलवला, म्हणून दंड नाही. परत जा, होता तिथे ठेव, आणि घाल. होता कुठे ते कसं कळणार? पण ग्रीनवर दव होतं, आणि त्यावर चेंडूची रेघ स्पष्ट दिसत होती. होलच्या वीतभर अलीकडे संपलेली. फिन्टनने ठेवला आणि घातला. मला वाटलं, आता हा माझ्याशी बोलणार नाही. चालताना म्हणाला की घरी बाप मला एवढा नेहमी देतो, तीन दिवसांत आत्ताच पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं होतं. त्याचे एकूण सत्तर फटके झाले. त्याच्या कार्डावरचा प्रत्येक आकडा मी तीनदा तपासून सही केली.

पण अठरावा राहिला. तिथे बैठकांवर तीन-चारशे माणसं होती. माझा चेंडू दोन फुटांवर. फिन्टनने हाताने खूण केली की उचला. चौदाव्यानंतर मला तो शब्द ऐकवेना. मी मान हलवली आणि मारला. हात उडाला. पलीकडे दीड फूट. परत मारला, परत उडाला. तिसऱ्यांदा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगेहाथ पकडलेल्या चोराला टाळ्या वाजवाव्यात तशा त्या मला वाटल्या.

डॉडी पाटी दुसऱ्याच्या हाती देऊन आला होता; तो आणि मास्तर दोरीपाशी होते. मी बघितलं तर मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली आणि समुद्राकडे पाहू लागले. डॉडी आपल्या हातांकडे बघत होता. संध्याकाळी दोघं घरी आले आणि तासभर वाऱ्यावर बोलले. अठराव्याबद्दल चकार शब्द नाही. गेडीसच्या वेळी सुरुवात अशीच झाली होती.

म्हणून मी ठरवलंय. येत्या बुधवारी मीच सांगणार की आजपासून देणं-घेणं बंद, प्रत्येकाने प्रत्येक चेंडू घालायचा. मला जमत नाही हे उघड होईल आणि मी स्वतःच रजा घेईन. त्यांनी विचारायचं थांबवण्यापेक्षा ते बरं.

नेटा म्हणते की वन्संना कळव, फोन व्यवस्थित खाली ठेवलेला नव्हता.
या वेळी लोभ मागायला संकोच वाटतो, पण मागतो.
तुझा,
वॉटी


इन्व्हरलाय,
मंगळवार, ३१ जुलै

सौ. एफीताई फ्लेट यांस,
डॉडी मटणवाल्याचा नमस्कार.

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शाळेत असताना एक चिठ्ठी लिहिली होती, ती तू सगळ्या वर्गाला वाचून दाखवलीस, तेव्हापासून हात आखडता घेतला. पण वॉटी म्हणतो की तू काळजीत आहेस आणि सगळं मीच सांगावं, त्याला सांगताना हसू येतं आणि मग रडू येतं.

गेल्या बुधवारी तो पहिल्या टीवर टाय लावून आला. अंत्ययात्रेला येतात तसा. आणि आम्हाला म्हणाला की आजपासून कुणी कुणाला काही द्यायचं नाही. मास्तरांनी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मी म्हटलं की गुडघा दुखतोय, आज राहू दे का. तो म्हणाला, आजच.

पहिल्या ग्रीनवर वॉटीचा चेंडू दीड फुटावर. त्याला तीन लागले. तो आमच्याकडे बघून काही बोलणार होता, पण माझी पाळी होती. माझा फूटभर. एफीताई, मी आयुष्यभर सुरी चालवतो, केसाइतकी चरबी काढतो, आणि त्या फूटभरापुढे माझे दोन्ही हात लाकूड झाले. चुकलो. पुन्हा चुकलो. मग मास्तर. त्यांचा वीतभर. ते बराच वेळ उभे राहिले, चुकले, आणि म्हणाले की गवत नीट कापलेलं नाही.

दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर मागून बायकांची चौकडी आली, आम्हाला ओलांडून गेली, आणि जाता जाता चौघींनी चार चेंडू खटाखट घातले. पाचव्यावर मास्तर बाकावर बसले. एकतीस वर्षं हेडमास्तर होता हा माणूस, माझं चुकलं असं त्यांच्या तोंडून गावात कुणी ऐकलेलं नाही. ते म्हणाले की निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांचे हात गेले, याला चार वर्षं झाली. आणि आम्हाला ते जे चेंडू द्यायचे ते मोठ्या मनाने नाही. आम्ही त्यांना द्यावेत म्हणून.

मग मला सांगावंच लागलं. माझे हात माझी आयना वारली त्या हिवाळ्यात गेले. सहा वर्षं. शनिवारी दुकान असतं म्हणून मेडलला येत नाही असं मी या दोघांना सांगत आलो. शनिवारी दुपारी माझं दुकान बंद असतं, एफीताई. रस्त्यावरच्या पोरांनाही माहीत आहे. या दोघांनी मला कधी विचारलं नाही. ओपनमध्ये अठराव्यावर वॉटीचा हात उडाला तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं नाही, ते लाजेने नाही. माझ्याच हातात कळ आली होती.

वॉटी म्हणाला की मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही मला सोडाल. त्याने गेडीसचं नाव घेतलं. मास्तर म्हणाले, मलाही तोच दिसायचा. मला तर तो स्वप्नात यायचा, खुर्ची रिकामी करून मला बैस म्हणायचा. तिघांनाही तोच. आणि तिघं दर बुधवारी एकमेकांना सांभाळून घेतोय असं दाखवत एकमेकांना घाबरत होतो.

पुढचे तेरा होल खेळलो. कुणी काही दिलं नाही आणि किती लागले ते कुणी मोजलं नाही. अंधार पडायच्या आत घरी पोचलो एवढंच. वॉटी हसून हसून टायने डोळे पुसत होता. नेटा म्हणाली की त्या रात्री तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

त्या आयरिश पोराने वॉटीला पत्र पाठवलंय, होडीचं दार बसलं म्हणून.

मी एकटा राहतो, तेव्हा माझ्या ताटाकडे बघायला कुणी नाही. पण सहा वर्षं मंगळवारी संध्याकाळी माझ्या घशाखाली घास उतरत नसे. स्वतः कापलेलं मांस समोर ठेवून मी भिंतीकडे बघत बसायचो. उद्या बुधवार आहे. आत्ताच जेवून उठलो, ताट पुसून, आणि मग तुला लिहायला बसलो.

ही चिठ्ठी वाचून दाखवलीस तरी चालेल.
तुझा जुना वर्गमित्र,
डॉडी